वहीवाल्याला दिलेली नऊ नावं

लातूरच्या चंद्रमुखी टॉकीजमध्ये लेडीजच्या दारावर सिंधु पंधरा वर्षं बसली, आणि तेवढ्या वर्षांत तिला एकसुद्धा व्हिलन धड भेटला नाही.

लेडीज म्हणजे बायकांची बसायची वेगळी जागा. निजामाच्या काळापासूनची चाल, ती लातुरात कुणी मोडली नव्हती. दाराला जाड हिरवा पडदा, पडद्याशी लोखंडी स्टूल, स्टुलावर सिंधु. पुरुष माणसानं पडद्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. टॉकीजचे मालक शेटजीसुद्धा बाहेर उभे राहून खाकरायचे आणि मग बोलायचे. एकदा एक फौजदार आला होता. सिंधुनं त्याला लेडी पोलीस आणायला लावली आणि ती येईपर्यंत पाऊण तास उन्हात उभं केलं. तिला सगळे मावशी म्हणत. शेटजी मावशी, तिकीटवाला मावशी, बाजाराला आलेल्या बायका मावशी. नाव कुणाला विचारावं वाटलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दारात बसून दिवसाला चार खेळ. पडदा जरा सारला की अर्धा पिक्चर दिसायचा, उरलेला ऐकू यायचा. त्यामुळं व्हिलन लोकांविषयी तिचं मत पक्कं झालं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

"पंचवीस माणसं पाळायची, त्यांना काळे चष्मे घालायचे, आन् आपण खुर्चीत बसून हासायचं," ती म्हणायची. "हासायला येवढा वेळ असल्यावर माणूस वाईट कवा करणार? माझी जाऊ हाय, तिला पाच मिन्टं द्या. घर फोडून, भांडी घासून, वर जेवायला वाढंल तुमाला."

व्हिलन पास की नापास हे ठरवायचं तिचं माप सोपं होतं. लेडीजमधून शिव्या आल्या तर पास. बायका शेंगांचा भाव बोलायला लागल्या तर नापास. पंधरा वर्षांत शेंगांचंच बोलणं जास्त झालं.

हिरोविषयी तर तिला बोलायचीही इच्छा नसायची. हिरो येणारच असतो. पोस्टरवरच छापलेला असतो, मग त्यात भ्यायचं काय? आणि खरं सांगायचं तर वेळेवर येणाऱ्या माणसावर सिंधुचा विश्वासच नव्हता. भूकंप झाला तेव्हा तिच्या गावात, औशाच्या खालच्या अंगाला, दुपारपर्यंत कुणी आलं नव्हतं.

ती स्वतः गावात नव्हती. भावजय बाळंत होती म्हणून रेणापूरला माहेरी गेली होती. गणपती विसर्जन करून लोक निजले आणि पहाटे मातीच्या धाब्याची घरं त्यांच्यावर आली. नवरा ग्यानोबा गेला, सासू भागीरथी गेली, नणंद रुद्राणी गेली. तिची गल्ली पुरी गेली. दोन दिवसांनी सिंधु तिथं पोचली तर झाडाखाली टेबल टाकून एक माणूस मेलेल्यांची नावं लिहीत बसला होता. दुसऱ्या गल्लीतल्या कुणी घाईत ग्यानोबाच्या घरची सगळी नावं देऊन टाकली होती, सिंधुचंसुद्धा.

"मी सिंधु ग्यानोबा बिरादार," ती म्हणाली.

"मयत आहे. पुढं व्हा," तो म्हणाला. मान वर केली नाही.

कागदावर पुन्हा जिवंत व्हायला तिला दीड वर्ष लागलं. तेवढ्यात सासरच्या जागेवर परगावी राहणाऱ्या दिराचं नाव लागलं, ते लागलं. दीर काही ओरडला नाही की हसला नाही. चहा पाजून, डोळे पुसून, "वहिनी, तुमच्या भल्यासाठीच" म्हणून त्यानं नंतर हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा घेतला. तिथून सिंधु लातूरला आली आणि शेटजींनी तिला पडद्याशी बसवलं. टॉकीजच्या मागं, सायकल स्टँडला लागून एक पत्र्याची खोली दिली. तेवढंच तिचं घर.

मग लातूर बदलायला लागलं. पडलेल्या गावांसाठी ओळखलं जाणारं गाव पोरांच्या मार्कांसाठी ओळखलं जाऊ लागलं. कंधारहून, चाकूरहून, कुठून कुठून पोरं पोती भरून यायला लागली. ज्या खांबावर पिक्चरचं पोस्टर लागायचं त्या खांबावर आता क्लासवाल्या मास्तरांचे फोटो लागले. सगळ्यात मोठा फोटो राघवेंद्र सरांचा. हाताची घडी, कोट, मागं उगवता सूर्य. सिंधु म्हणायची, "हिरोला निदान घोडा तरी देत्यात. ह्याच्या मागं नुसता सूर्य."

दोन हजार दहा साली उन्हाळ्याच्या आधी शेटजींनी एक दिवस पडद्याबाहेर खाकरून सांगितलं, की महिनाअखेरीला टॉकीज बंद. जागा राघवेंद्र सरांनी घेतली. एवढा मोठा हॉल, एका वेळी साडेचारशे लेकरं बसतील. सिंधुच्या खोलीच्या जागी मागं बांधत आणलेल्या मुलींच्या हॉस्टेलचा जिना येणार होता.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. "मावशी, काळजी करू नका. हॉस्टेलवर मुलींकडं बघायला तुमच्यासारखंच माणूस पाहिजे. राहायची खोली तिथंच." सिंधुनं मान हलवली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला पडदा काय आणि जिना काय, बसायला जागा झाली.

त्याच शुक्रवारी तो पिक्चर लागला.

विलायती होता, हिंदीत बोलायला लावलेला. नाव सिंधुला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. पहिला खेळ बघून तिनं नाक मुरडलं. गाव सदा अंधारात, रस्ते ओले, कुणी दिवा लावत नाही. हिरो आग विझवणाऱ्या बंबावरचा माणूस. आगीत होरपळलेला, म्हणून काळ्या कपड्यांत, तोंडाला लोखंड लावून फिरतो आणि घसा बसल्यासारखा बोलतो.

मशीनवाला हणमंत नांदेडचा, तो एकटा तिला अक्का म्हणायचा. रीळ लावून चहाला खाली यायचा. "अक्का, काय गाडी हाय हिरोची! मी तर दर खेळाला तेवढंच बघून राहिलो."

"त्या गाडीला मडगार्ड न्हाई. चिखल सगळा पाठीवर घेऊन चाललाय, त्याला सांग."

पण तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. लेडीजही गप्प झाली होती. शिव्या नाहीत, शेंगा नाहीत. एका बाईचं पोर रडायला लागलं तर तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतः पडद्याकडं बघत राहिली.

व्हिलन म्हणून जो होता तो एक किडकिडीत म्हातारा. स्वेटर घातलेला, चष्मा, काखेत वही. त्याच्याकडं बंदूक नाही, माणसं नाहीत, हसणं तर नाहीच. तो एकेका घरी जायचा, दार वाजवायचा, पाय पुसून आत यायचा आणि म्हणायचा, तुमच्या गल्लीत कुणामुळं त्रास आहे? एक नाव द्या. बाकीचं मी बघतो. आणि लोक द्यायचे. कुणी दारुड्या शेजाऱ्याचं द्यायचं, कुणी सुनेचं. नाव दिलं की तो माणूस गल्लीतून नाहीसा व्हायचा. आणि गंमत अशी, की गल्ली खरंच सुधारायची. दिवे लागायचे, भांडणं थांबायची.

"अक्का, ह्यो कसला व्हिलन?" हणमंत म्हणाला. "एक फाइट न्हाई त्याची."

"तुला न्हाई कळायचं. तू गाडी बघ," सिंधु म्हणाली. मग तिलाच राहवलं नाही. "आरं, बाकीचे व्हिलन आपल्यावर जुलूम करत्यात. आपण वरडायला मोकळे. ह्यो स्वतः काहीच करत न्हाई, आपल्याकडून करून घेतोय. आन् अर्ध्या पिक्चरपतोर त्याचं म्हणणं पटतंय रं. मी बी मनात म्हनलं, माझ्या दिराचं नाव देऊन टाकावं. मग घाबरले. खुर्चीवर बसून हासणाऱ्यानं मला कवा असं घाबरवलं न्हाई."

शेवटी हिरो त्या म्हाताऱ्याची गचांडी धरतो. म्हातारा नुसती वही उघडून पुढं करतो. पहिल्या पानावर हिरोच्या हातचं अक्षर असतं. कधीकाळी, भाजण्याआधी, त्यानंही एक नाव दिलेलं असतं. त्या नावाचं सुतक म्हणून हिरो काळे कपडे घालतो, हे सिंधुला तिथं कळलं. तोवर तिला वाटत होतं, धुवायचा कंटाळा असेल.

ह्या पिक्चरला सरांच्या क्लासच्या नऊ पोरी यायच्या. दुपारची बॅच बुडवून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे. लातुरात तेव्हा सगळ्या पोरी तशाच फिरायच्या. आईला लेक ओळखू यायची नाही. त्यातली विशाखा कंधारची. वडिलांचं स्टँडजवळ कटलरीचं दुकान. दुसऱ्या वर्षी पुन्हा सीईटीला बसलेली, म्हणजे रिपीटर. एकदा तिच्याजवळ मोबाइल सापडला तेव्हा सरांचा फोन घरी गेला होता. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, आणखी एक फोन आला की सामान बांध आणि ये, उदगीरचे पाहुणे बघून ठेवलेत.

"मग इथं कशाला मरायला येतीस?" सिंधुनं तिला झापलं होतं. "बाप तिकडं बांगड्या इकतोय आन् तू इकडं लोखंडाचं तोंड बघतीस."

"मावशी, हिरोला कोण बघतंय," विशाखा म्हणाली. "त्या वहीवाल्याचं बोलणं ऐकायला येते. तो चुकतो कुठं, तेच सापडत नाही. तीनदा बघितला."

"मग चौथ्यांदा बघून काय कलेक्टर होणार हाईस?" असं म्हणून सिंधुनं पडदा सारला. पोरीचा प्रश्न मात्र तिला आवडला.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. बाराचा खेळ सुरू होऊन सव्वा तास झाला होता. राघवेंद्र सर आले. हातात दोन चहाचे कप, काखेत डायरी.

"मावशी, बसा, उठू नका." त्यांनी कप पुढं केला आणि स्वतः बाल्कनीच्या जिन्याच्या पायरीवर बसले. एवढा फोटोतला माणूस पायरीवर. सिंधुला अवघडल्यासारखं झालं.

"स्टँडवर आमच्या क्लासचं स्टिकर लावलेल्या नऊ सायकली आहेत," सर म्हणाले. "आणि दुपारच्या बॅचला आज नऊ मुली कमी आहेत. एवढ्या गर्दीत हजेरी होत नाही, डोकी मोजतो."

"असतील. पोरी काय, बाजारात बी जात्यात."

"मावशी." ते हसले. वाईट हसणं नव्हतं. "मी आत येणार नाही. तुमच्या पडद्याचा मान आहे. बाहेर उभं राहून चारचौघांत मुलींना अडवणंही मला शोभत नाही. उद्या पेपरात येतं. तुमच्याशी त्या रोज बोलतात, तुम्हाला नावं माहीत आहेत. तेवढी द्या."

"दिल्यावर काय करणार?"

"पालकांना कळवणार. दुसरं काय? त्यांच्या भल्यासाठीच. आईबाप कुठून कुठून पाठवतात, मावशी. तुम्हीच सांगा, चूक आहे का माझं?"

चूक नव्हतं, हीच पंचाईत होती. सिंधु स्वतः पोरींना हेच तर सुनवायची. शिवाय सर पुढं म्हणाले, "उद्या हॉस्टेलवर हेच काम करायचंय तुम्हाला. आजपासूनच सुरू झालं समजा. खोलीचा रंग काल मारून झाला. पिवळा दिलाय."

पिवळा. सिंधुच्या डोळ्यांपुढं ती खोली आली. पत्रा नाही, स्लॅब. उन्हाळ्यात अंग भाजणार नाही. तिनं चहाचा घोट घेतला. सरांनी डायरी उघडली, पेनाचं टोपण काढून मागं लावलं. विशाखाचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. एकदा बोललं की आठ आपोआप निघाली असती.

तेवढ्यात पडद्यामागून तो आवाज आला. दीड वाजला होता, त्या वेळेला तो रोज यायचा. पाय पुसल्याचा आवाज, आणि मग सावकाश, समजुतीनं: एक नाव द्या. बाकीचं मी बघतो.

सिंधुनं कप खाली ठेवला. समोर डायरीवर वाकलेली मान होती. तशीच मान तिनं सोळा वर्षांपूर्वी झाडाखाली बघितली होती. त्या मानेविषयी तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. ती वर होत नाही.

"लिहा," ती म्हणाली. "सिंधु ग्यानोबा बिरादार."

सरांनी लिहिलं.

ती त्यांच्या पेनाकडं बघत राहिली. दोन आठवड्यांपूर्वी ह्या माणसानं तिला नोकरी देऊ केली होती. खोलीला रंग दिला होता. त्यानं तिचंच नाव तिच्यासमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि विचारलं, "पुढं?"

सिंधुला हसू आलं, ते तिनं पदरात घेतलं. मग मात्र ती थांबली नाही. "रुद्राणी मलप्पा बिरादार. भागीरथी मलप्पा बिरादार. कस्तुरा रेवणप्पा..." एकेक दार आठवत ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. नऊ नावं झाली. भागीरथी नावाची पोरगी आजकाल कुठल्या क्लासला फिजिक्स शिकते, एवढंही त्या शहाण्याच्या मनात आलं नाही. कॉम्प्युटरवर नंबर टाकला की लेकरू निघतं, तोंड बघायची गरज काय?

"फार मोठं काम केलंत मावशी," सर उठत म्हणाले. "मुली तुम्हाला दुवा देतील."

"लिहिल्या त्यातल्या एकीचा तर आत्ताच मिळाला," सिंधु म्हणाली.

इंटरव्हलला तिनं नऊ जणींना मागच्या दारानं काढलं. पडद्यापलीकडून सरांचा आवाज ऐकलेल्या विशाखानं स्कार्फ घट्ट गुंडाळत विचारलं, "मावशी, नावं दिली?"

"दिली. तुमची न्हाई दिली. सायकली राहू द्या, चालत पळा. आन् संध्याकाळच्या बॅचला पुढच्या बाकावर बसा, तोंड धुऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या खेळाच्या आधी, विशाखा सायकल न्यायला आली आणि आधी हसतच सुटली. "मावशी, काय झालं माहितेय? काल संध्याकाळी सरांनी माइकवर नावं पुकारली. कॉम्प्युटरवर सापडेनात ना! सिंधु ग्यानोबा बिरादार, उभी राहा. सगळा क्लास इकडंतिकडं बघतोय. मग रुद्राणी मलप्पा, उभी राहा. साडेचारशे पोरं बसलेली, एक उठंना. सर म्हणाले, आत्ता उठलात तर माफ करीन." ती हसायची थांबली, कारण सिंधु हसत नव्हती. "कुणाची नावं होती ती?"

"पयलं माझं," सिंधु म्हणाली.

"तुमचं नाव सिंधु?"

"हाव. दुसरं माझ्या नणंदेचं. तुझ्यायेवढीच होती. तिसरं सासूचं. बाकी गल्लीतल्या." तिनं पडद्याच्या चुण्या सारख्या केल्या. "भूकंपात गेलेल्या हाईत. त्यांना फोन लावणार तर लावू द्या."

विशाखानं स्टँड काढला. सायकलची घंटी उगीच एकदा वाजवली आणि निघाली. मग चार पावलं जाऊन वळली. "मावशी, सापडलं मला. तो वहीवाला कुठं चुकतो ते. कुणी स्वतःचंच नाव देईल, हे त्याच्या वहीत बसत नाही."

"क्लासला जा आधी."

दुपारी सर आले. आज चहा नव्हता. आवाज मात्र तसाच मऊ. "ही नावं आमच्या पटावर नाहीत, मावशी. ही सिंधु बिरादार कोण?"

"मीच की."

सरांनी वर बघितलं. पहिल्यांदाच बघितलं म्हणायचं. बराच वेळ बघितलं. "तुम्ही तुमचंच नुकसान करून घेतलंत. मला राग नाही. पण हॉस्टेलवर मला विश्वासाचं माणूस लागेल."

"लागंल. बघा." सिंधु स्टुलावरून उठली. "आतमदी एक म्हातारा हाय, सर, पिक्चरमदी. तुमच्यावानीच मऊ बोलतोय, वही घेऊन फिरतोय. काल मला वाटलं, तुमी त्याच्यासारखेच. रातभर इचार केला. न्हाई. त्यो एकेका माणसाला वळखून हाय. कुणाच्या घरात काय दुखतंय, कुणाचं अक्षर कसं हाय, सगळं त्याला पाठ. म्हणून त्याची भीती वाटती. तुमाला तर समोर बसलेली बाई कळंना. तुमाला व्हिलन म्हणायची बी सोय न्हाई."

सर गेले. डायरीतलं पान फाडलं की ठेवलं, कुणास ठाऊक. विशाखाच्या घरी फोन मात्र गेला नाही.

महिनाअखेरीला शेवटचा खेळ झाला. बघायला सतरा माणसं होती, त्यातली सहा एसटीची वाट बघत असल्यासारखी झोपलेली. हणमंतनं मशीन बंद करून वरनं हाक मारली, "अक्का, संपलं." सिंधुनं हिरवा पडदा कड्यांसकट काढून घडी केला. शेटजींनी ते बघितलं, मग ते खाकरले आणि दिवे बंद करायला गेले.

विशाखा जिथं राहायची तिथल्या मेसवालीला भाकरी करायला बाई हवी होती. पोरीनं बोलून ठेवलं होतं. खोली नव्हती. भांड्यांच्या कपाटामागं एक खाट मावेल एवढी जागा होती. सिंधुनं पडदा तिथं बांधायचं ठरवलं.

सामान न्यायला नऊ पोरी सायकली घेऊन आल्या. ट्रंक एकच, पण ती कॅरिअरवर बसेना. एक म्हणाली आडवी लावा, दुसरी म्हणाली वजन मध्यभागी आलं पाहिजे, तिसरीनं रस्त्यावरच बोटानं आकृती काढली. दोनदा ट्रंक खाली आली. सिंधु काखेत पडदा धरून हे बघत उभी होती.

"सरका," ती शेवटी म्हणाली. "फिजिक्स शिकत्यात म्हणं." आणि तिनं सुतळीची एकच गाठ मारली.